पी हळद अन् हो गोरी?

शिसे, मेंदू आणि आपले स्वयंपाकघर

उतावळ्या माणसासाठी आपल्याकडे एक म्हण आहे, 'पी हळद आणि हो गोरी'. हळदीचा पेला ओठाला लागला की लगेच रंग उजळावा, अशी घाई करणाऱ्याला घरातली आजी ही म्हण ऐकवायची. आता गोरेपणाची जागा बुद्धीने घेतली आहे. हळदीचे दूध प्या, शरीरातले विषारी धातू निघून जातील. ब्राह्मीची पावडर द्या, मुलाचा मेंदू तल्लख होईल. अनशापोटी लसणाच्या दोन पाकळ्या खा, रक्त शुद्ध होईल. हा मजकूर मोबाइलवर माहेरच्या मंडळींकडून मराठीत येतो आणि सासरच्या मंडळींकडून कन्नडमध्ये. दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की अशा पावडरींच्या डब्यांचा खपही वाढतो.

या सांगण्यात खरे किती? सगळेच थोतांड म्हणून उडवून लावावे असे ते नाही. वनस्पतींतील द्रव्ये जड धातूंपासून मेंदूचे रक्षण करतात का, यावर प्रयोगशाळांत पुष्कळ काम झाले आहे आणि त्यातले बरेचसे आपल्याच देशात झाले आहे. पण प्रयोगशाळेतला उंदीर आणि आपल्या घरातले मूल यांत अंतर असते. ते अंतर किती आहे, हे प्रत्येक आईबापाने समजून घ्यायला हवे. कारण प्रश्न मुलाच्या मेंदूचा आहे, आणि तो एकदाच घडतो.

शिसे आत शिरते कसे?

शिसे, पारा, कॅडमियम हे जड धातू. आर्सेनिक म्हणजे सोमलही याच पंक्तीत बसवतात. यांपैकी आपल्या घरांशी सर्वांत जास्त संबंध येतो तो शिशाचा. कन्नडमध्ये त्याला 'सीस' म्हणतात. नाव जवळचे, पण धातू परका. लोह, जस्त, कॅल्शियम शरीराला लागतात. शिशाचे शरीरात कसलेच काम नाही. तरीही शरीर त्याला आत घेते, कारण शिसे कॅल्शियमचे सोंग घेते. आतड्यातून कॅल्शियम आणि लोह ज्या वाटांनी रक्तात जातात, त्याच वाटांनी शिसेही घुसते. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे दाट कुंपणही ते ओलांडते. मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप पोचवतात ते कॅल्शियमच्या मदतीने. तिथे शिसे जाऊन बसले की निरोप चुकू लागतात. शिवाय लोखंडाला गंज चढावा तशी पेशींची झीज सुरू होते आणि ही झीज थोपवणारे ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य कमी पडते.

लहान मुलांना धोका अधिक. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट हिस्सा मुलांच्या शरीरात शोषला जातो. त्यात रांगणाऱ्या मुलाचा हात जमिनीवर आणि बोट तोंडात. रक्तातले शिसे काही आठवड्यांत कमी होते, पण ते सगळेच बाहेर पडत नाही. बरेचसे हाडांत जाऊन वर्षानुवर्षे राहते. बाई गरोदर राहिली की हाडांतल्या कॅल्शियमबरोबर हे जुने शिसेही सुटते आणि बाळापर्यंत पोचते.

२००५ साली निरनिराळ्या देशांतील सात अभ्यासांमधल्या १३३३ मुलांची माहिती एकत्र करून तपासली गेली. एक डेसिलिटर रक्तात शिशाचे प्रमाण २.४ मायक्रोग्रॅमवरून १० पर्यंत वाढले की बुद्ध्यंक सुमारे ३.९ गुणांनी घटतो, असे त्यात दिसले. त्याच्या पुढे शिसे वाढते तसे आणखी नुकसान होते, पण पहिल्या थोड्या शिशाचा फटकाच सर्वांत मोठा असतो. म्हणूनच शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२० साली युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक शिसे असावे, आणि त्यांतील साडेसत्तावीस कोटी भारतातील.

यात ताप नाही, पुरळ नाही. वर्गात लक्ष न लागणे, चिडचिड, पाठांतर न टिकणे, पोट दुखणे, रक्त कमी असणे, एवढेच दिसते. अशी कारणे इतरही असतात, हे खरे. पण आपण शिक्षक अशा मुलाला चटकन 'आळशी' ठरवून मोकळे होतो, हेही तितकेच खरे.

उंदरांची हळद

आता हळदीकडे वळू. कन्नड घरात ती 'अरिशिण'. तिचा पिवळा रंग ज्या द्रव्यामुळे येतो, त्याचे नाव कर्क्युमिन. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. उंदरांना शिसे दिले आणि काहींना त्याबरोबर कर्क्युमिनही दिले. कर्क्युमिन मिळालेल्या उंदरांच्या मेंदूची झीज कमी झाली. पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी दाखवले की कर्क्युमिनचा रेणू शिसे आणि कॅडमियम यांना धरून ठेवू शकतो. म्हणजे हळद दोन्ही अंगांनी काम करते, गंज थोपवते आणि धातूला बांधते. हे सगळे खरे आहे, आणि आशा वाटावी असेच आहे.

पण अर्ध्या हळकुंडाने पिवळे होऊ नये, असेही आपल्याकडे म्हणतात. अशा प्रयोगांत उंदराला वजनाच्या दर किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या आसपास कर्क्युमिन देतात. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. वीस किलोच्या मुलाला त्याच हिशेबाने द्यायचे तर रोज ६० ग्रॅमच्या वर हळद खायला घालावी लागेल! उंदरावरून माणसाचा डोस काढताना तो बराच कमी धरतात, सुमारे सहावा हिस्सा. तरीही रोजचे तीन-चार चमचे होतात. कोणते मूल ते खाईल?

बरे, खाल्ले तरी अंगी लागेल का? कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते. बेंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातील संशोधकांनी १९९८ साली दाखवले की काळ्या मिरीतील पायपरीन सोबत दिले तर माणसाच्या रक्तात कर्क्युमिन वीस पटींनी वाढते. हळदीच्या दुधात मिरपूड घालण्याला असा आधार आहे. पण हा अभ्यास कर्क्युमिन रक्तात किती पोचते याचा होता. त्याने शिसे निघते, असे त्यात कोणी म्हटलेले नाही. बाजारात कर्क्युमिनच्या तीव्र गोळ्याही मिळतात. त्यांनी काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. डॉक्टरांना न विचारता त्या घेऊ नयेत, मुलांना तर मुळीच देऊ नयेत.

हळदीच्या अमेरिकन पेटंटची गोष्ट अनेकांना आठवत असेल. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९५ साली तिकडे दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. ती लढाई अभिमानावर जिंकलेली नव्हती. जुने ग्रंथ आणि छापील पुरावे पुढे ठेवून जिंकलेली होती. हळदीच्या नावावर आणखी एक गुण चढवायचा, तर त्यालाही तसाच पुरावा लागेल.

ब्राह्मी म्हणजे नक्की कोणती?

आपल्या सीमाभागात ब्राह्मीचा घोळ दोन भाषांमुळे आणखी वाढतो. भाताच्या बांधावर ओलीत सरपटणारी, गोल पानांची वेल अनेक मराठी घरांत 'ब्राह्मी' म्हणून ओळखली जाते. संस्कृतात ती मंडूकपर्णी आणि कन्नडमध्ये 'ओंदेलग', म्हणजे एका पानाची. तिची ताकातली तंबुळी कर्नाटकात आवडीने करतात. दुसरी ब्राह्मी म्हणजे नीरब्राह्मी. पाणथळ जागी वाढणारी, बारीक जाडसर पानांची आणि पांढरट-जांभळ्या फुलांची. या दोन वनस्पती एका कुळातल्याही नाहीत. डबीवर नुसते 'ब्राह्मी' लिहिलेले असेल तर आत कोणती, हे विचारलेच पाहिजे.

दोन्हींवर प्राण्यांत प्रयोग झाले आहेत आणि शिसे, पारा, आर्सेनिक यांच्यामुळे होणारी झीज त्यांनी कमी होते असे दिसले आहे. नीरब्राह्मीचे माणसांवरही प्रयोग आहेत. निरोगी प्रौढांनी सुमारे तीन महिने ती घेतल्यावर स्मरणशक्तीच्या काही चाचण्यांत थोडी सुधारणा दिसली. पण शिशाने बाधलेल्या मुलाचा मेंदू पूर्ववत होतो का, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर या प्रयोगांत नाही.

आणखी एक गंमत आहे, पण ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. नीरब्राह्मी पाण्यातले आणि चिखलातले जड धातू स्वतःच शोषून घेते. सांडपाणी स्वच्छ करण्यासाठी तिचा उपयोग होईल का, हेही शास्त्रज्ञांनी तपासले आहे. म्हणजे गटाराच्या कडेची किंवा कारखान्याच्या पाण्यावर वाढलेली ब्राह्मी आणून वाटली, तर औषधाऐवजी विष पोटात जायचे. ओंदेलग खुशाल खा, पण ती स्वच्छ बांधावरची असू द्या.

लसणाबाबत मात्र माणसांवरचा एक चांगला अभ्यास आहे. इराणमधील मशहद येथे मोटारीच्या बॅटऱ्यांच्या कारखान्यातील ११७ कामगारांना चार आठवडे दोनपैकी एक उपचार देण्यात आला. काहींना लसणाच्या गोळ्या आणि काहींना पेनिसिलामिन हे शिसे काढणारे औषध. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांत रक्तातले शिसे सारख्याच प्रमाणात उतरले. ही मोठीच गोष्ट. पण ते प्रौढ कामगार होते, गोळ्या मोजून दिलेल्या होत्या आणि घट रक्तातली होती.

रक्तातली घट आणि मेंदूचा फायदा यांत किती अंतर असते, ते अमेरिकेतील एका प्रयोगाने दाखवून दिले. रक्तात मध्यम प्रमाणात शिसे असलेल्या ७८० लहान मुलांपैकी निम्म्यांना सक्सिमर हे प्रभावी औषध दिले. रक्तातले शिसे उतरले. पण तीन वर्षांनी बुद्धीच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा औषध घेतलेली आणि न घेतलेली मुले सारखीच निघाली. २००१ साली हे निष्कर्ष आले. खास तयार केलेल्या औषधालाही गेलेली बुद्धी परत आणता आली नाही, तिथे चमचाभर पावडरीने काय होणार? खूप जास्त विषबाधा झाली असेल तर असे औषध जीव वाचवते आणि ते रुग्णालयात द्यावेच लागते. पण नुकसान भरून काढण्यापेक्षा शिसे आत येऊ न देणे, हाच खरा उपाय.

रक्षकातच शिसे

आणि इथे हळदीची गोष्ट वेगळेच वळण घेते. बांगलादेशात ग्रामीण भागातील गरोदर बायकांच्या रक्तात शिसे का सापडते, याचा शोध स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि ढाक्याच्या आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्रातील संशोधक घेत होते. धागा स्वयंपाकघरातल्या हळदीपाशी पोचला. हळकुंडांना झळाळी यावी म्हणून पॉलिश करताना 'पेउरी' नावाचा पिवळा रंग लावला जात होता. हा रंग म्हणजे लेड क्रोमेट, शिशाचा संयुग. १९८० च्या दशकात पुराने हळद भिजून काळवंडली, तेव्हापासून ही खोड लागली असे व्यापाऱ्यांनी सांगितले. २०१९ साली हे प्रसिद्ध होताच तिथल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बाजारात धाडी घातल्या, दंड केले, पत्रके वाटली. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे होते. २०२१ मध्ये एकाही नमुन्यात ते सापडले नाही. दोन वर्षांत एवढे होऊ शकते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

भारतातही तपासणी झाली. भारत, पाकिस्तान, श्रीलंका आणि नेपाळमधील २३ शहरांतून गोळा केलेल्या ३५६ नमुन्यांचा अभ्यास २०२४ साली आला. सुमारे १४ टक्के नमुन्यांत शिसे जास्त होते. पाटणा, कराची आणि पेशावर येथे तर ते ग्रॅमला हजार मायक्रोग्रॅमच्या पुढे गेले. आपल्या कायद्यात हळदीसाठी मर्यादा आहे ग्रॅमला दहा मायक्रोग्रॅम!

आपला भाग हळदीचा आहे. रायबाग, चिक्कोडी, गोकाककडची हळद सांगलीच्या पेठेत जाते. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हरिपूरची पेवे जुन्या माणसांना ठाऊक आहेत. पाटण्याच्या नमुन्यांवरून आपल्या शेतकऱ्याकडे बोट दाखवणे अन्यायाचे होईल. तो हळद शिजवतो, वाळवतो, ढोलात घालून पॉलिश करतो. रंगाची भेसळ शेतात होत नाही, माल हातोहात पुढे जाताना होते. आणि तिचे एक कारण आपण गिऱ्हाईकच आहोत. जितकी पिवळीधमक तितकी चांगली, हा आपला समज. तो सोडला तर अर्धे काम होईल.

हळदीखेरीज इतरही वाटा आहेत. मारुतीला लावतो तो खरा शेंदूर म्हणजे शिशाचाच ऑक्साईड. देवाला तो शोभतो, मुलांच्या बोटांना नाही. भांगात भरायच्या सिंदूरचे ११८ नमुने न्यू जर्सी, मुंबई आणि दिल्ली येथून घेऊन तपासले गेले, तेव्हा सुमारे ८० टक्क्यांत शिसे आढळले. हा अभ्यास २०१७ चा. जुन्या ऑइलपेंटचे पोपडे, जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवण्याची कामे, कल्हईच्या कथलात मिसळलेले शिसे, हे सगळे घरात येऊ शकते. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे २०१७ पासून कडक मर्यादा आहे, पण त्यापूर्वी रंगवलेली दारे-खिडक्या अजून तशाच आहेत. निपाणी भागाला आणखी एक गोष्ट सांगायला हवी. तंबाखूचे झाड जमिनीतला कॅडमियम पानांत साठवते. विडीच्या धुरातून तो ओढणाऱ्याच्या आणि शेजारी बसलेल्या नातवाच्याही छातीत जातो.

ताटातले बळ

मग वनस्पतींचा उपयोग नाहीच का? आहे, आणि चांगला आहे. फक्त तो डबीत नाही, ताटात आहे. आतड्यात शिसे लोहाच्या आणि कॅल्शियमच्या वाटेने जाते, हे आपण पाहिले. शरीरात लोह कमी असेल तर या वाटा अधिक उघड्या राहतात आणि शिसे जास्त शोषले जाते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पाच वर्षांखालील ६७ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. म्हणजे शिशासाठी दार उघडे ठेवूनच ही मुले वाढत आहेत.

हे दार लोटायला आपले जुने जेवण पुरे पडते. नाचण्याची भाकरी किंवा आंबील घ्या. शंभर ग्रॅम नाचण्यात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तितक्याच तांदळात जेमतेम दहा. हुलग्याचे माडगे, उसळी, पालेभाज्या, आणि खाणाऱ्या घरांत अंडी-मांस यांतून लोह मिळते. त्याबरोबर लिंबू, आवळा, पेरू असले की लोह नीट शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेतला की ते अडते. रिकाम्या पोटी शिसे जास्त शोषले जाते, म्हणून मुलाला उपाशी शाळेत पाठवू नये. आणि फोडणीतली चिमूटभर हळद, लसूण, कढीपत्ता चालू ठेवा. ते आपले अन्न आहे, औषध म्हणून त्यावर भार टाकू नका.

बाकी करायच्या गोष्टी साध्या आहेत. हळकुंडे अखंड, ओळखीच्या शेतकऱ्याकडची, शक्यतो बिनपॉलिशची किंवा कमी पॉलिशची घ्या आणि समोर दळून आणा. एक हळकुंड पाण्याच्या पेल्यात टाकून पाहा. पाण्याने लगेच पिवळा रंग धरला तर ती हळद वापरू नका. ही प्राथमिक खूण आहे, खात्री प्रयोगशाळेतच होते. घरातले कोणी बॅटरी, ओतकाम, रंगकाम करत असेल तर त्यांनी अंगावरचे कपडे बदलून, हातपाय धुऊनच मुलाला जवळ घ्यावे. ते कपडे वेगळे धुवावेत. लेबल नसलेले, कुणी फिरत्या माणसाने दिलेले भस्म किंवा पुडी मुलाच्या तोंडात घालू नये. २००४ साली बोस्टनमध्ये दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादने तपासली, तेव्हा १४ मध्ये जड धातू निघाले होते. चांगले वैद्य याबाबत स्वतःच काटेकोर असतात. त्यांना विचारायला संकोच करू नका.

शंका असेल तर डॉक्टरांना सांगून रक्तातले शिसे तपासून घेता येते. या बाबतीत कर्नाटकाने देशाला वाट दाखवली आहे. बेंगळूरच्या सेंट जॉन्समधील डॉ. थुप्पिल वेंकटेश यांनी तिथे शिशाच्या विषबाधेचे राष्ट्रीय संदर्भ केंद्र उभारले. जॉर्ज फाउंडेशनच्या साहाय्याने १९९९ साली सात शहरांत झालेल्या तपासणीत निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे सापडले होते. २००० साली देशातले शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. ते कोणा एका घराने पावडर खाऊन झाले नाही, मोजमाप करून आणि नियम बदलून झाले.

कडोली हे साहित्य संमेलनाचे गाव आणि शेतकऱ्यांचे गाव. दोन्हींचा उपयोग इथे होण्यासारखा आहे. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला आपण वाण म्हणून प्लास्टिकचे डबे वाटतो. त्याऐवजी ओळखीच्या शेतातल्या, बिनपॉलिशच्या पाच-पाच हळकुंडांची पुडी दिली तर? शेजारच्या अक्का ओटी भरताना विचारतीलच, "ही अशी मळकट का हो?" त्यांना कारण सांगा, मराठीत सांगा नाहीतर कन्नडमध्ये.